रुमाल सोडला

महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत, माळ्यावर किंवा देवघराशेजारच्या फडताळात, कापडात बांधलेलं एखादं दप्तर हमखास असतं. आतले कागद मोडीतले. घरात ते कुणाला वाचता येत नाहीत म्हणून कुणी सोडत नाही, आणि ‘न जाणो, जमिनीचे असतील’ म्हणून कुणी टाकतही नाही. घराला रंग द्यायच्या वेळी ते खाली उतरतं, भिंती वाळल्या की पुन्हा वर जातं. त्या मधल्या दिवसांत घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘एकदा हे सगळं वाचून काढायला हवं.’

आमच्या घरी हे वाक्य अण्णांचं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी घराण्याकडे कुळकर्ण होतं. १९५० च्या कायद्यानं कुलकर्णी वतनं गेली, गावचं दप्तर सरकारकडे गेलं. पण घरचे, खाजगी व्यवहाराचे कागद दोन रुमालांत बांधून राहिले. ज्या कापडात कागद बांधतात त्याला दप्तराच्या भाषेत रुमाल म्हणतात. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कोट्यवधी कागदही असेच रुमालांत बांधलेले आहेत. अण्णा शाळेत मोडी शिकले होते. रुमालातला कुठलाही कागद उचलून ते वर्तमानपत्र वाचावं तसे घडाघडा वाचत. ‘हा आबांचा हात’, ‘हे अक्षर पणजोबांचं, टाकाला जोर देऊन लिहायचे’, असं सांगत. निवृत्त झालो की सगळं बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवायचं, हा त्यांचा पक्का बेत होता. निवृत्तीनंतर घराचं बांधकाम निघालं, मग बहिणीचं लग्न, मग डोळ्यांची शस्त्रक्रिया. अण्णा गेले तेव्हा दोन्ही रुमाल होते तिथेच होते. कोणता कागद कशाचा, कोणतं अक्षर कुणाचं, हे त्यांना तोंडपाठ होतं आणि ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

त्यांच्यामागे तेच वाक्य मी म्हणू लागले. बँकेतली नोकरी, बदल्या, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं आजारपण. यातलं काहीच निमित्त म्हणून सांगत नाही. ही खरीच कामं होती आणि ती वेळेवर करावीच लागतात. पण मनातला बेत पुढे ढकलताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो: आपल्याला सवड होईपर्यंत तो बेत जिथल्या तिथे थांबून राहील. तसा तो राहत नाही. माळ्यावरच्या कागदाला दर पावसाळ्यात ओल लागते. कसर लागते, वाळवी येते. आणि एक विचित्र गोष्ट म्हणजे दीडदोनशे वर्षांपूर्वीचा हातकागद, काजळाच्या शाईनं लिहिलेला, अजून कापडासारखा मऊ राहिलेला असतो. त्याच्या नंतरच्या काळातला गिरणीचा स्वस्त कागद मात्र पिवळा पडून घडीवर तुटायला लागलेला असतो. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांचे, आपल्याला सर्वांत जवळचे कागद सर्वांत आधी जातात. कागदांबरोबर माणसंही जातात. गावात कोणत्या शेताला काय म्हणत, कोणत्या घराचं मूळ नाव काय, हे सांगणारी आमची आत्या आता नव्वदीच्या घरात आहे.

माझं बूड हललं ते २०२३ मध्ये. त्या वर्षी मराठा आरक्षणाच्या प्रश्नातून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. जुनी जन्ममृत्यूची बुकं, महसुलाची दप्तरं, शाळांची रजिस्टरं उघडली गेली आणि ती वाचायला माणसं पुरेनात. त्या प्रश्नाच्या राजकारणात मला शिरायचं नाही. मला त्यातलं एवढंच लागलं की ज्या लिपीत आपल्या महाराष्ट्राचा शेकडो वर्षांचा व्यवहार झाला, ती वाचणारी माणसं आज शोधावी लागतात. त्याच हिवाळ्यात मी मोडीच्या वर्गात नाव घातलं. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात असे वर्ग होतात, राज्याचं पुराभिलेख खातंही घेतं. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची होती आणि वर्गात निवृत्त तलाठ्यापासून इतिहासाच्या विद्यार्थ्यापर्यंत सगळे होते.

मोडीची लोकांना उगाच धास्ती वाटते. भाषा आपलीच आहे. फक्त हात धावता आहे. लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढून घेतो आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातो. बोरू शक्यतो उचलायचा नाही, म्हणून एका अक्षराचं शेपूट पुढच्या अक्षरात मिसळतं. शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हं नसतात. ऱ्हस्व-दीर्घ हा भेदही नाही: वेलांटी एकच, उकार एकच. ज्यांना शाळेत शुद्धलेखनानं छळलं त्यांना हे वाचून हायसं वाटेल. अडचण येते ती अक्षरांच्या रूपांची. काना लागला की ‘क’ वेगळाच दिसतो, आणि ‘र’ तर शेजारच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो. चार-सहा आठवडे रोज अर्धा तास कित्ता गिरवला की मुळाक्षरं डोळ्यांना ओळखू येतात. त्यानंतरचं शिक्षण मात्र वर्गात होत नाही, ते कागदावरच होतं. शिवकाळातलं वळण निराळं, पेशवाईतलं रेखीव वळण निराळं, इंग्रजी अमलातलं टाकानं घाईत खरडलेलं निराळं. शिवाय प्रत्येक लिहिणाऱ्याचा हात निराळा. वाचता वाचता अचानक एखादा शब्द ‘लागतो’, आणि तो लागला की मागची अडलेली ओळ सुटत जाते.

ही लिपी मागे पडली त्याचं कारण ती अवघड होती हे नव्हे. विल्यम केरीचा मराठी कोश १८१० साली बंगालमधल्या श्रीरामपूरला मोडी टायपातच छापला गेला होता. पण एकमेकांत गुंतणाऱ्या अक्षरांपेक्षा सुटी सुटी बालबोध अक्षरं छापखान्याला सोयीची पडली. पुस्तकं बालबोधीत गेली, मोडी हाताच्या लिखाणापुरती उरली आणि स्वातंत्र्यानंतरच्या काळात शाळेतूनही गेली. अण्णांची पिढी ती शिकलेली शेवटची पिढी. २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली आहे, म्हणजे संगणकावर ती आता टंकता येते. पण रुमालातला कागद वाचायला डोळेच लागतात.

मी पहिला कागद निवडला तो सर्वांत लहान, तळहाताएवढा. त्याची तारीख अशी: छ महिना रजब, साल अर्बा तिसैन मया व अलफ. ‘छ’ हे चंद्राची तारीख सांगण्याचं चिन्ह. पुढचे शब्द अरबी आकडे आहेत, एककापासून उलटे मोजायचे: चार, नव्वद, शंभर, हजार. म्हणजे ११९४. हे शुहूर सन. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की ते बदलतं, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७९३ येतं, आणि वर्ष सरता सरता रजब आला असेल तर १७९४. त्या सालचा रजब म्हणजे फेब्रुवारी. त्याच महिन्यात पुण्याजवळ वानवडीला महादजी शिंदे वारले. मराठी दौलतीवर एवढा मोठा आघात झाला तो महिना, आणि त्या महिन्यात आमच्या गावात काय चाललं होतं? दोन बैलांचा व्यवहार. एक तांबडा, एक बांडा, दोहोंची किंमत २२ रुपये, निम्मे रोख आणि निम्मे सुगीनंतर. खाली साक्षीदारांची नावं. शिक्षण सही करण्यापुरतंही नसलेल्या शेतकऱ्यानं नांगराची निशाणी काढलेली.

या चार ओळी पूर्ण लागायला मला बरेच दिवस लागले. त्या लागल्या त्या संध्याकाळी मी घरात कुणाकुणाला बोलावून वाचून दाखवल्या. इतिहास म्हणून शाळेत आपण जे शिकतो त्यात बैलाचा रंग नसतो. इथे तो होता, आणि तो आमच्या गावचा होता.

मला तेव्हा कळलं की इतकी वर्षं हे काम डोंगराएवढं का वाटत होतं. आम्ही त्याला ‘घराण्याचा इतिहास’ असं नाव देऊन ठेवलं होतं. घराण्याचा इतिहास लिहायला निवृत्तीच हवी, अभ्यासिका हवी, शांतता हवी. तळहाताएवढा कागद वाचायला यातलं काही लागत नाही. तेव्हापासून मी ‘इतिहास’ हा शब्द बाजूला ठेवला आहे. आजचा कागद, एवढंच. वही केली आहे; कागदाला क्रमांक, लांबीरुंदी, तारीख, प्रकार, त्यातली नावं, आणि लागलेला मजकूर. जे लागलं नाही तिथे मोकळी जागा.

हळूहळू रुमालाचा संसार ध्यानात येऊ लागला. खरेदीखतं, गहाणखतं, वाटणीपत्रं, कर्ज फिटल्याची फारखतं. धान्याचे हिशेब, खंडी-मण-पायलीत. लग्नातल्या आहेराची यादी. तीर्थयात्रेला निघालेल्या कुणीतरी घर कुणाच्या स्वाधीन केलं त्याची नोंद. पत्रांच्या शेवटी ‘बहुत काय लिहिणे, लोभ असो द्यावा’ ही विनंती. बायकांची नावं फार थोडी, आणि जी आहेत ती बहुतेक विधवांची, कारण नवरा गेल्यावरच तिच्या नावानं कागद करावा लागे.

त्यातच १८७७ सालचं एक गहाणखत निघालं. १८७६ ते ७८ हा दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचा काळ. सातारा, पुणे, सोलापूर, नगर या भागांतली माणसं गावं सोडून निघाली होती. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले की ओढ्याकाठचं शेत खापरपणजोबांनी रोख मोजून विकत घेतलं. कागद सांगतो ते असं: गावातल्या एका शेतकऱ्यानं आणि त्याच्या आईनं मिळून त्या दुष्काळात ज्वारी आणि थोडी रोकड उचलली आणि त्यापोटी ते शेत गहाण लिहून दिलं. मुदतीत कर्ज फिटलं नाही. काही वर्षांनी त्याच शेताचं खरेदीखत झालं. कायद्यानं बघितलं तर सगळं रीतसर. दोन वर्षं आधी, १८७५ मध्ये, सुप्याला आणि आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रं पेटवली होती ती याच प्रकारच्या कागदांसाठी; आणि १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला तोही यांच्यामुळेच. हे सगळं मी पुस्तकांतून वाचलं होतं. त्या गोष्टीतल्या सावकाराच्या जागी आमचं घर असेल, हे रुमालानं सांगितलं.

घरात यावर बोलणं झालं. चुलतभाऊ म्हणाला, ‘कशाला काढायचं आता? दीडशे वर्षं होत आली.’ मला वाटलं, कागद आमच्या माळ्यावर राहिला म्हणून तो एकट्या आमचा होत नाही. त्यावर दोन घरांची नावं आहेत. ज्यांचं ते शेत होतं त्यांची नातवंडं-पतवंडं आजही गावात आहेत. मी लिप्यंतर केलं, छायाचित्र काढलं आणि दोन्ही घेऊन त्यांच्या घरी गेले. मनात थोडी धाकधूक होती. तिथल्या तात्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शेताविषयी ते एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, ‘ताई, ह्यात आमच्या म्हाताऱ्या आईचं नाव कुठं हाय, तेवढं दावा.’ गहाणखतावर लेकाबरोबर जिचं नाव होतं ती त्यांच्या आजोबांची आजी. तिचं नाव त्यांच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मी मोडीतल्या त्या पाच अक्षरांवर बोट ठेवलं. त्यांनी नातीला बोलावून ते नाव तिच्या वहीत लिहून घ्यायला लावलं.

मला या कामाची किंमत त्या दिवशी खऱ्या अर्थानं समजली. आपण ज्याला ‘माझा राहून गेलेला बेत’ म्हणतो, त्यात कित्येकदा दुसऱ्यांचं काहीतरी अडकून पडलेलं असतं. ते आपल्याला ठाऊक नसतं, त्यांनाही ठाऊक नसतं. काम सुरू झाल्यावरच ते दिसतं.

या वाटेवर माझ्या मनात सारखे येतात ते या क्षेत्रातले थोर लोक. वि. का. राजवाडे यांना वाईला पानिपतच्या काळातली पत्रं मिळाली आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. मग हा माणूस गावोगाव, घरोघर दप्तरं शोधत फिरला. असे बावीस खंड झाले. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे शाळेत संस्कृत शिकवत आणि पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं निवडून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढत. गो. स. सरदेसाई बडोद्याची नोकरी १९२५ मध्ये संपवून कामशेतला राहायला आले आणि पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड त्यांनी त्यानंतर संपादले. मराठ्यांचा इंग्रजी इतिहास तीन खंडांत छापून निघाला तेव्हा ते ऐंशी ओलांडून गेले होते. निवृत्तीनंतर काय होणार, असं म्हणणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

पण मला सर्वांत जवळची वाटते ती राजवाड्यांच्या शेवटच्या कामाची हकिकत. आयुष्याच्या अखेरीस ते धुळ्याला होते आणि मराठी धातूंचा कोश करत होते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते गेले तेव्हा काम अपुरं होतं. पण ते कागदावर उतरलेलं होतं. पुढच्याच महिन्यात धुळ्यात त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं, त्यांचं दप्तर सांभाळलं गेलं आणि कृ. पां. कुलकर्णी यांनी तो धातुकोश संपादून छापला. अपुरं काम दुसऱ्यानं उचललं, कारण उचलायला काहीतरी होतं.

ज्यांच्या घरी असा रुमाल आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. मोडी येईपर्यंत थांबू नका. आधी कागद वाचवा. कोरड्या दिवशी रुमाल सोडा, मऊ कुंच्यानं धूळ झाडा. घडी तुटत असेल तर जबरदस्तीनं उघडू नका. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. दोन्हींनी कागद कायमचा खराब होतो. खिडकीपाशी उजेडात, फ्लॅश न वापरता, मोबाइलनं दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कागदावर पेननं काही लिहू नका. क्रमांक वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, धुतलेल्या सुती कापडात बांधा, जवळ वेखंडाचे तुकडे ठेवा. आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसापाशी बसून शेतांची, घरांची, माणसांची नावं लिहून घ्या. कागदात ती नावं येतील तेव्हा तीच तुम्हाला अडलेलं अक्षर सोडवून देतील. ‘र’ आहे की ‘द’, असा घोळ पडला की मी आत्याला फोन करते. ती शेताचं नाव सांगते आणि ओळ लागते.

ज्यांच्या मनातला बेत निराळा आहे, खानावळीचा, विहिरीच्या दुरुस्तीचा, सतारीचा, गावच्या शाळेच्या वाचनालयाचा, त्यांच्यासाठीही माझं म्हणणं तेच आहे. त्या बेताचं मोठं नाव तूर्त बाजूला ठेवा आणि त्यातला तळहाताएवढा भाग या आठवड्यात हातात घ्या.

आमचा पहिला रुमाल अजून अर्धाही झालेला नाही. माझ्या वयाचा आणि कागदांच्या संख्येचा मेळ घातला तर दोन्ही रुमाल माझ्या हातून पुरे होतील असं वाटत नाही. पूर्वी हा विचार मला बसू देत नसे. आता तो त्रास देत नाही. चुलतभावाच्या नातीनं उन्हाळ्याच्या सुटीत मुळाक्षरं गिरवली आहेत आणि माझ्या वहीतल्या मोकळ्या जागांपैकी दोन तिनं भरल्या, त्यातली एक माझ्याशी भांडून. माझं वाचन चुकीचं होतं हे तिनं कागद उजेडात धरून दाखवलं. वहीत मी कुठे थांबलेय ते तिला दिसतं, तिथून तिला पुढे जाता येतं. अण्णांना माझ्या दसपट मोडी येत होती, तरी त्यांच्या बेतातलं मला काही उचलता आलं नाही, कारण तो बेत त्यांच्या मनातच राहिला. सुरू केलेलं काम, कितीही अपुरं असो, दुसऱ्याच्या हाती देता येतं. मनातलं देता येत नाही.